एका नरामागे पाच माद्या

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

कुळागरातल्या तळीवर सोडलेल्या आठ बदकांपैकी तिघे एकाच मादीच्या मागे लागतात आणि तिला काठावरसुद्धा येऊ देत नाहीत, तेव्हा ते नर स्वभावानेच दुष्ट असावेत, असे तू लिहिले आहेस. मला तसे वाटत नाही. पाच माद्यांत तीन नर ठेवल्यावर दुसरे काही घडणे शक्यच नव्हते. एका नरामागे किमान चार-पाच माद्या हव्यात.

हे मी स्वतः चूक करून शिकलो आहे. माझ्याकडच्या एका मादीच्या मानेवरची पिसे गळून लालसर कातडी उघडी पडली, तेव्हा मी महिनाभर हळदीचा लेप लावत बसलो. नर मिलनाच्या वेळी तिथेच चोचीने धरतो आणि रोज धरणारे तिघे होते, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. नर हलवले आणि पिसे आपोआप फुटू लागली.

यापुढे पिल्ले आणलीस तर आवाजाकडे कान दे. दीड-दोन महिन्यांची झाली की मादी मोठ्याने ओरडू लागते आणि नराचा आवाज घसा बसल्यासारखा घोगरा राहतो. शेपटीवरचे वर वळलेले पीस नराला त्यानंतर येते. मस्कोवी जातीत मात्र ते येतच नाही, म्हणून तिथे आकार आणि चेहऱ्यावरच्या लाल गाठी पाहाव्या लागतात.

जादा दोन नर विकायचे नसतील तर पोफळींच्या पलीकडे, माद्या दिसणार नाहीत अशा जागी चुडतांचा आडोसा करून त्यांना एकत्र ठेव. मादी नजरेआड असली की नर आपापसांत बहुधा भांडत नाहीत. नुसती जाळी मध्ये घातलीस तर दिवसभर तिच्याशीच झटतील. त्यांना कोंबड्यांच्या खुराड्यात मात्र चुकूनही कोंडू नकोस, कारण बदकाच्या नराच्या शरीररचनेमुळे कोंबडीला गंभीर इजा होऊ शकते. अंड्यांची काळजी करू नकोस. नर नसला तरी मादी अंडी घालतेच, फक्त त्यांतून पिल्ले निघत नाहीत.

तळीचे पाणी पोहण्याइतके खोल असावे, म्हणजे नराचा भार मादीच्या पाठीवर कमी पडतो. पण तिघे एकदम चढले तर त्याच पाण्यात ती बुडूनही मरू शकते, म्हणून हे पत्र वाचून होताच, आजच संध्याकाळी, दोघांना वेगळे कर आणि तिची मान कशी आहे ते मला कळव.