नवा पंप घालूनही गळती: दुसरा मागवण्याआधी हे तपासा

खानापूरकडच्या आपल्या मित्राचा प्रश्न थोडक्यात असा. घरी बांधलेलं दोन आसनी हाय-विंग (पंख वर असलेलं) विमान, रोटॅक्स ९१२ यूएलएस इंजिन. पंपाखाली ओल दिसली म्हणून इंजिनवरचा पंप बदलला. जोडीला फॅसेट कंपनीचा इलेक्ट्रिक पंप आहे, त्याचे एल्बो (काटकोनी जोड) बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून करून आणलेत. तरी सकाळी शेड उघडली की पेट्रोलचा वास येतो आणि खालच्या काउलमध्ये (इंजिनच्या झाकणात) ओल असते. आता दुसरा पंप मागवावा का?

नको, अजून तरी नको. पंपाखाली ओल आहे म्हणजे पंपच गळतोय असं नसतं. पेट्रोल नळीच्या पाठीवरून उताराला वाहतं आणि जिथं टोक सापडेल तिथं टपकतं. या इंजिनात पंप पुढं गिअरबॉक्सवर असतो, त्याच्या आसपास नळ्या, क्लिपा आणि फायर स्लीव्हची (आगीपासून बचावासाठी नळीवर चढवलेल्या बाहीची) गर्दी. त्यात फायर स्लीव्ह सगळ्यात फसवी. गळती वरच्या जोडाला असते, पेट्रोल स्लीव्हच्या आतून झिरपत खालच्या टोकाला येतं आणि आपण खालचा जोड आवळत बसतो. म्हणून आधी स्लीव्ह सरकवून आतली नळी उघडी करा.

त्याआधी एक सांगतो, ते मनावर घ्या. वास येतोय तोवर इंजिन सुरू करायचं नाही, ‘जरा चालवून बघू’ म्हणूनसुद्धा नाही. एक्झॉस्ट तिथंच खाली आहे. बॅटरीची निगेटिव्ह काढा, शेडचे दोन्ही दरवाजे उघडा, ड्राय पावडरचं एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा आणि पेट्रोल धरायचं भांडं धातूचं घेऊन ते वायरने विमानाच्या सांगाड्याला जोडा. खानापूरच्या पुढं भीमगडकडं खाली सगळं जंगल आहे, उतरायला मोकळं रान सापडत नाही. तिथं इंजिनपाशी आग लागली तर काय, एवढा विचार केला तरी घाई आपोआप थांबते.

आता तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. ओल रात्रभर उभ्या विमानात येते. म्हणजे दोन्ही पंप बंद असताना, पंखातल्या टाकीच्या नुसत्या उंचीच्या दाबावर पेट्रोल बाहेर पडतंय. आज संध्याकाळी फ्युएल कॉक (पेट्रोलची तोटी) बंद करून ठेवा. सकाळी कोरडं असेल तर गळती कॉकच्या पुढं आहे. तरीही ओल असेल, तर कॉक, टाकीकडचा जोड किंवा टाकीकडं परत जाणारी रिटर्न लाइन बघा. पंपाचा त्यात काही संबंध नाही.

कॉकच्या पुढं असेल तर पुढची पायरी. सगळा भाग स्वच्छ पुसून पूर्ण वाळवा आणि प्रत्येक जोडावर, पंपाच्या दुमडलेल्या कडेवर, कार्ब्युरेटरच्या बुडाला साधी टाल्कम पावडर हलकी भुरभुरा. बॅटरी परत जोडायची ती हवा पूर्ण खेळती झाल्यावर आणि वास अजिबात नसताना. कॉक उघडा, इंजिन बंदच ठेवून इलेक्ट्रिक पंप चालू करा आणि बॅटरी टॉर्च घेऊन बघत राहा. ओल फुटली की पांढऱ्या पावडरीत करडा ठिपका उमटतो आणि तिथून खाली रेघ ओढली जाते. ठिपका म्हणजे उगम, रेघ म्हणजे नुसता प्रवास. पेट्रोल पटकन उडून जातं, त्यामुळं बारीक गळतीचं थारोळं कधीच दिसत नाही. पावडरीतला ठिपका मात्र सापडतो. ओल दिसली की पंप लगेच बंद करा.

तो उगम पंपाच्या निचऱ्याच्या भोकातून किंवा ड्रेन नळीतून असेल, तर आतला डायफ्रॅम (पडदा) गेला. तो पंप उघडायचा नाही, सीलंट लावायचा नाही, सरळ बदलायचा. दुमडलेल्या कडेतून ओल आली तरी तेच. निचऱ्याचं भोक बुजवणारे लोक मी पाहिलेत. असं कधीही करू नका, ते भोक तुम्हाला इशारा देण्यासाठीच ठेवलेलं आहे. वाचणाऱ्यांपैकी कुणाकडं लायकोमिंग इंजिन असेल तर त्या पंपाच्या ड्रेनमधून काय येतं ते वास घेऊन ठरवा. पेट्रोल आलं तर इंधनाकडचा डायफ्रॅम, इंजिन ऑइल आलं तर ऑइलकडची बाजू. आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय उडू नका.

पण तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय त्या एल्बोंवर आहे. उद्यमबागेतले लोक हायड्रॉलिक्समध्ये मुरलेले आहेत, काम सफाईदार करतात. मात्र तिथं रोजचा आटा बीएसपीचा, म्हणजे ब्रिटिश पाइप आटा. तुमच्या फॅसेट पंपाला असतो १/८ एनपीटी, म्हणजे अमेरिकन निमुळता पाइप आटा. एनपीटीला इंचात २७ आटे, बीएसपीला २८. एनपीटीचा कोन ६० अंश, बीएसपीचा ५५. फरक इतका बारीक की एल्बो हाताने छान बसतो, मग पान्याने घट्टही होतो. पण आटे एकमेकांवर पूर्ण टेकत नाहीत, मध्ये वाट राहते, आणि पंपाच्या बॉडीचे आटे खराब होतात ते वेगळंच. एल्बो काढून त्यावर २७ चा थ्रेड गेज टेकवा. गेज उजेडासमोर धरला की दात बसतायत की एका टोकाला उचलतायत हे लगेच कळतं. उचलत असेल तर एनपीटीचाच नवा एल्बो करून घ्या, ऑर्डर देताना तोंडी न सांगता एनपीटीचा नमुना द्या.

हीच गोष्ट फ्लेअरची, म्हणजे नळीचं तोंड पसरून केलेल्या जोडाची. विमानातले एएन मानकाचे फ्लेअर ३७ अंशांचे, हायड्रॉलिकच्या जेआयसी जोडाचा कोनही तोच. पण फ्रिज-एसीवाल्याकडचं फ्लेअरिंग टूल ४५ अंशांचं असतं. त्याने केलेली नळी ३७ च्या फिटिंगवर फक्त एका रेषेवर टेकते. फ्लेअर गळत असेल तर आणखी आवळायचं नाही, सोडवून बघायचं: तडा, कण, की एकाच कडेला घासलेली रिंग. फ्लेअरला सीलंट नाहीच. निमुळत्या एनपीटी आट्यांना पेट्रोलला टिकणारा सीलंट चालतो, तोही पहिले दोन आटे मोकळे सोडून. टेफ्लॉन टेप इंधनाच्या लाइनमध्ये नको. त्याचा धागा तुटून कार्ब्युरेटरच्या नीडलखाली (पेट्रोल अडवणाऱ्या सुईखाली) अडकला तर नवीच गळती सुरू होते.

कार्ब्युरेटरही विसरू नका. फ्लोट (आतले तरंगते तुकडे) जड झाले किंवा नीडल बसली नाही की पेट्रोल ओसंडून ड्रिप ट्रेमधून खाली येतं आणि सगळे पंपाला दोष देतात. दोन्ही बिंग कार्ब्युरेटरच्या वाट्या काढून फ्लोटची जोडी वजन करा. सोनाराच्या काट्यावर जोडी ७ ग्रॅमपेक्षा जास्त भरली तर बदला. पुढं इंजिन चालवाल तेव्हा इंधनाचा दाबही बघा. किमान ०.१५ बार, जुन्या पद्धतीच्या पंपाला कमाल ०.४ आणि नव्याला ०.५. तुमच्या पंपाला कोणता आकडा लागू आहे ते मॅन्युअलमध्ये बघा. दाब याच्या वर असेल तर चांगली नीडलसुद्धा उचलली जाते.

शेवटी पेट्रोल. आपल्या चिकोडी-अथणीच्या ऊसपट्ट्यात इथेनॉल काही नवं नाही, पण पेट्रोल पंपावरच्या पेट्रोलमध्ये ते आता २० टक्क्यांपर्यंत असतं आणि रोटॅक्स ९१२ ला १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतो. जुनी रबर नळी त्यात फुगते, नंतर कोरडी पडली की आकसते आणि क्लिपखाली सैल होते. पंपवाल्याच्या शब्दावर न जाता मापून बघा. १०० मिलीच्या मेजरिंग सिलिंडरमध्ये १० मिली पाणी, ९० मिली पेट्रोल, हलवून थोडा वेळ स्थिर ठेवा. खालचा थर १० वरून १९ च्या आसपास गेला तर १० टक्के इथेनॉल, २८ पर्यंत गेला तर २० टक्के. नळ्या पाच वर्षांच्या झाल्या असतील तर प्रश्नच नाही, सगळ्या बदला. पंपासकट रबरी भागांची कंपनीची मुदतच तेवढी आहे. क्लिपा गोल कडेच्या घ्या. फटी असलेल्या स्क्रूच्या क्लिपा नळीच्या पाठीत रुततात आणि ती कापतात.

दुरुस्तीनंतर स्लीव्ह लगेच चढवू नका. काउल उघडी ठेवून इलेक्ट्रिक पंपावर पावडरीची तपासणी पुन्हा करा. मग विमान बांधून, चाकांना ठोकळे लावून इंजिन गरम होईपर्यंत चालवा, बंद करा आणि थोड्या वेळाने पुन्हा बघा. बंद केल्यावर काउलखालची उष्णता वाढते, नळीतलं पेट्रोल फुगतं आणि थंड असताना गप्प बसलेला जोड तेव्हा बोलतो. ते कोरडं निघालं की स्लीव्ह, सेफ्टी वायर आणि लॉगबुकात नोंद. आज रात्री कॉक बंद ठेवून सकाळी काय दिसतं ते इथं लिहा. एल्बोच्या आट्यांचा फोटो गेजसकट टाकलात तर बीएसपी आहे की नाही हे मी लगेच सांगू शकेन.