आधी काकडी, मग व्याख्या

परासरण, म्हणजे पाणी पातळ पटलातून (पडद्यातून) जास्त खारट किंवा गोड बाजूला जाणं, शिकवायचंय ना? मग व्याख्या फळ्यावर लिहायची घाई करू नकोस. काकडीच्या चकत्या ने, मुलांसमोर मीठ भुरभुरव आणि हजेरी घे. दहा-पंधरा मिनिटांत ताटलीत पाणी सुटतं, चकती मऊ पडते. "पाणी आलं कुठून?" एवढंच विचार आणि गप्प बस. (तेच अवघड. मला जमायला काही वर्षं गेली.) कोणीतरी म्हणेलच, "मीठ वितळलं." म्हणून शेजारी कोरड्या ताटलीत नुसतं मीठ ठेव, पावसाळ्यात मात्र तेही ओलावतं. पेशीतलं पाणी पटलातून खारट बाजूला गेलं, हे त्यानंतर सांग. लोणच्याच्या कैरीला पाणी सुटतं ते असंच, आणि जंतूंचंही पाणी मीठ ओढून घेतं, म्हणून लोणचं टिकतं. उलटं, म्हणजे पाणी आत शिरताना दाखवायला मनुका रात्री भिजत घाल.