पाळणाघर, कंपनी आणि 'आमचा टॅक्स' : माझं उत्तर (लांबलंय, माफ कर)

तुझी पोस्ट वाचली आणि २०१९ आठवलं. तुझं बाळ पाच महिन्यांचं, रजा संपत आलेली, आणि एचआरने हातात ठेवलंय ते 'टाय-अप' पाळणाघर ऑफिसपासून अकरा किलोमीटरवर, दहा टक्के सवलतीत. वर एका गृहस्थांची प्रतिक्रिया: "मूल तुमचं, मग पाळणाघर आमच्या टॅक्समधून का?" आता काय करू आणि यांना काय उत्तर देऊ, असं तू विचारलंयस. दोन्हीबद्दल लिहिते.

२६ आठवड्यांची रजा, कागदपत्रं वगैरे तुला ठाऊक असणारच, त्यात जात नाही. मी वकील नाही, अकाउंट्समध्ये काम करते. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक केली. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, त्यातही आकडा ५० चाच आहे. राज्याचे नियम मात्र एखाद्या जाणकाराकडून बघून घे, माझ्या भरवशावर राहू नकोस.

२०१९ मध्ये माझी गाडी त्या ५० वरच अडली. आमच्या मजल्यावर रोज शंभरावर माणसं बसायची. पण निम्म्याहून जास्त जण व्हेंडरच्या, म्हणजे कंत्राटदाराच्या, पगारपत्रकावर. एचआर म्हणाली, "आपण पन्नासच्या आत आहोत." बरं, म्हटलं, सरकारी कचेरीत तक्रार करू. कुठली ते लिहीत नाही. तिथले साहेब वागायला अगदी सज्जन, चहासुद्धा विचारला. मग म्हणाले, "तक्रार घेतो, पण कर्मचारीसंख्येचं पत्र आणा. कंपनीच्या लेटरहेडवर, शिक्क्यासकट." म्हणजे जिच्याविरुद्ध तक्रार, तिच्याचकडून मी पुरावा मागायचा! प्रसूती लाभ कायद्याच्या कलम १५ मध्ये निरीक्षकाला आस्थापनेत जाऊन रजिस्टरं तपासायचा अधिकार दिलेला होता. त्याचा प्रिंटआउट मी समोर ठेवला. त्यांनी तो शांतपणे वाचला, घडी घालून फायलीत सरकवला आणि म्हणाले, "घरी आजी नाहीत का?"

आजी होत्या की. एक सांगलीला आजोबांच्या अंथरुणाशी बांधलेली आणि दुसरी स्वतः शाळेत शिकवणारी, निवृत्तीला चार वर्षं बाकी. पण हे मी त्यांना का सांगायचं?

पुढे प्रत्येक वेळी नवीन काहीतरी. चार्ज दुसऱ्यांकडे आहे, आवक नंबर सापडत नाही, साहेब मीटिंगला गेलेत. शेवटी पत्र आलं: सदर आस्थापनेने ५० पेक्षा कमी कर्मचारी असल्याचे कळविले असल्याने प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. त्यांनी कंपनीलाच विचारलं होतं, कंपनीने नाही म्हटलं, झालं! तोवर माझी बिनपगारी रजा वाढत गेली, ज्या जागेसाठी तीन वर्षं घासली होती ती दुसऱ्याला मिळाली आणि मी ती नोकरी सोडली. मला सगळ्यात महाग पडली ती ही कचेरी. कंपनी तिच्या फायद्याचं बघणार हे मी धरूनच चालले होते. आणि समजा दोष सिद्ध झालाच असता, तरी जुन्या कायद्यात दंड जास्तीत जास्त ५,००० रुपये. तुरुंगवासही लिहिलेला होता, पण पाळणाघर नाही म्हणून मालक आत गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आमच्या भागात एका खोलीचं महिन्याचं भाडं ५,००० च्या वर होतं. हिशेब कंपनीलाही येतो.

आता दुसरी बाजू. ती बोलले नाही तर अकाउंट्सवाली कसली. २६ आठवड्यांचा पूर्ण पगार, वर पाळणाघर, सगळं त्या एका मालकाच्या खिशातून. शेजारचा गाळेवाला फक्त पुरुष ठेवतो, त्याला यातलं काही नाही. आपले जुने कायदे तर बायकाच मोजायचे: १९४८ च्या कारखाने कायद्यात ३० पेक्षा जास्त स्त्रिया असतील तर पाळणाघर, बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्यात ५० पेक्षा जास्त स्त्रिया असतील तर. म्हणजे कुठे थांबायचं ते कायद्यानेच मालकाला सांगून ठेवलं. २०१७ ला 'स्त्रिया' ऐवजी 'कर्मचारी' मोजायला लागले, ही त्या दुरुस्तीतली सगळ्यात शहाणी गोष्ट. पण पगाराचा भार मालकावरच राहिला. ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विम्यात (महिना पगार २१,००० पर्यंत), तो सामायिक निधीतून जातो, मग वरच्या पगाराला का नाही? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००० सालचा १८३ क्रमांकाचा करार हेच म्हणतो: हा खर्च एकट्या मालकावर टाकू नका, विम्यातून किंवा सरकारी पैशातून करा.

म्हणून माझं मत, करदात्यांनी खर्च उचलावा. त्या गृहस्थांना सांग, तुम्ही तो आताही उचलताय. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना (आणि एकट्याने मूल वाढवणाऱ्या पुरुषांनाही) सगळ्या नोकरीत मिळून ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. पहिले ३६५ दिवस पूर्ण पगार, पुढचे ८० टक्के. महाराष्ट्र शासनाकडे १८० दिवस. माझी नणंद मंत्रालयात आहे, तिला ती मिळाली याचा मला आनंदच आहे. पण पगार कुणाच्या पैशातून झाला? म्हणजे टॅक्समधून द्यायचं की नाही हा वाद कधीच मिटलाय. कुणाला द्यायचं एवढंच उरलंय, आणि तिथे खाजगीतली बाई कंपनीच्या मर्जीवर आणि घरकाम करणारी कुणाच्याच हिशेबात नाही.

'आमचा टॅक्स' म्हणणाऱ्यांना आणखी एक. आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशी साबणावर आणि बिस्किटांवर जीएसटी भरतात. मी कामावर रुजू झाले तेव्हा त्या माझ्या बाळाला सांभाळायला यायच्या आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी शाळा बुडवून धाकट्या भावाला सांभाळायची. मला हे कळलं तेव्हा दोन महिने उलटून गेले होते.

सरकारी पाळणाघरं नाहीतच असं नाही. २००६ ची राजीव गांधींच्या नावाची पाळणाघर योजना, आता २०२२ पासून केंद्राच्या 'मिशन शक्ती' या महिलांसाठीच्या कार्यक्रमात 'पाळणा', खर्च केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं, कल्पना चांगली आहे. पण जुन्या योजनेत वेळ होती साडेसात तास. हिंजवडीत नऊ तासांची ड्युटी, वर वाकडच्या पुलावरचा ट्रॅफिक. आणि मावशींचं पहिलं घर सकाळी सातला. साडेसात तासांत कोण बसतं, मला सांगा.

प्राप्तिकरात सूट द्या, असं तुझ्या पोस्टखाली बऱ्याच जणींनी लिहिलंय. मला ते पटत नाही. सूट मिळणार ज्यांना कर लागतो त्यांना, म्हणजे तुला-मला. मावशींना काय? खात्यात रोख नको, असंही मला वाटतं. ते घरातल्या इतर खर्चात जिरेल. (यावर भांडायला या, तयार आहे.) वस्तीत चालणारं, सात ते सात उघडं असलेलं पाळणाघर हवं, आणि तिथल्या ताईंना मानधन नको, पगार हवा.

आता तुझं काम. एचआरशी फोनवर बोलू नकोस, मेल कर. कायद्यात आईला दिवसातून चार वेळा पाळणाघरात जायची मुभा आहे. अकरा किलोमीटरवर चार फेऱ्या कशा करू आणि त्या वेळी माझी शिफ्ट कोण सांभाळणार, एवढंच विचार. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत ५०० मीटरचं अंतर दिलंय, तेही टाक. व्हेंडरची माणसं मोजली का, हे लेखी माग. मेल वरच्या साहेबांना सीसी. तक्रार करायची वेळ आलीच तर रजिस्टर तपासणीची मागणी अर्जातच लिही आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस.

खाजगी पाळणाघर बघायला जाशील तेव्हा सकाळी अकराला जाऊ नकोस, तेव्हा सगळी बाळं न्हाऊमाखू घातलेली असतात. संध्याकाळी साडेपाचला न सांगता जा. किती मुलांमागे किती बायका ते स्वतः मोज, उशिरा नेण्याचा दंड आधीच विचार. आणि डब्यावर नाव नेलपेंटने घाल, स्टिकर दोन दिवसांत निघतो.