राजीनामा नको, बारा आठवड्यांची रजा मागा

प्रश्न: मी 29 वर्षांची आहे, नोकरी करते. स्पॅनिशची ए1, म्हणजे अगदी पहिली पातळी झाली असून पुढे भाषांतराच्या कामात शिरायचं आहे. स्पेनमध्ये सालामांकाला सहा महिने एका कुटुंबात राहून शिकावं असं मनात आहे. शिल्लक 14 महिन्यांच्या खर्चाइतकी आहे, त्यात शिक्षणकर्जाचा हप्ताही धरला आहे. बिनपगारी रजा तीनच महिने मिळते. मग राजीनामा द्यावा का? भाऊ म्हणतो, कुटुंबापेक्षा फ्लॅटमधली खोली स्वस्त पडेल.

उत्तर: तुम्ही जावं, असं मला मनापासून वाटतं. पण राजीनामा देऊन नको, आणि सहा महिन्यांसाठीही नको.

तुमचेच आकडे मांडून बघू. फी, राहणं-जेवण, वरखर्च आणि चालू हप्ता धरला तर तिथला एक महिना तुम्हाला घरच्या दोन महिन्यांइतका पडतो. सहा महिन्यांचे झाले 12. तिकीट, व्हिसा, विमा यांचा दीड. परत याल तेव्हा गाठीशी अर्ध्या महिन्याचा खर्च आणि नोकरी गेलेली. भाषांतराची कामं यायला वेळ लागतो, आणि हप्ता थांबत नाही. अशा वेळी माणूस पडेल त्या दराने काम घेतो आणि पुढे तोच दर चिकटतो. आता 12 आठवडे धरा: साडेपाच अधिक दीड, म्हणजे सात. निम्मी शिल्लक शाबूत, नोकरीही शाबूत.

शिवाय 12 आठवडे म्हणजे 84 दिवस. शेंगेनच्या, म्हणजे स्पेनसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या, अल्प मुदतीच्या व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं, तेवढ्यात हे बसतं. त्याला किमान 30,000 युरोचं संरक्षण देणारा वैद्यकीय विमा लागतो. त्याहून जास्त राहायचं तर विद्यार्थी व्हिसा, त्याची कागदपत्रं आणि दरमहाच्या खर्चाची ऐपत दाखवणं आलं. तिथे छोटंमोठं काम करून भर घालू असा हिशेब धरू नका, अल्प मुदतीच्या व्हिसावर कमाई करता येत नाही.

कुटुंबात राहण्याच्या पैशांत मात्र काटकसर नको. मी स्वतः सालामांकात चार आठवडे राहिले, तेव्हा माझीही ए1 च झाली होती. दुपारी अडीचच्या सुमाराला जेवण. घरातल्या आजी लेंतेहास, म्हणजे मसुराची दाट आमटी, वाढता वाढता वर्गात काय झालं ते विचारायच्या आणि मी दरवेळी "ब्येन, ब्येन" (छान, छान) एवढंच म्हणायचे. जेवण झालं तरी कुणी उठत नसे. ताटं तशीच, आणि तासभर गप्पा. याला ते सोब्रेमेसा म्हणतात. पेन्शन, शेजारणीचं आजारपण, नातवाची परीक्षा, सगळे विषय निघायचे. मला त्यातलं दहा वाक्यांत एक कळायचं. त्या टेबलासाठी मी पैसे मोजले होते आणि त्याचा उपयोग करून घेण्याइतकी भाषाच माझ्याकडे नव्हती. याची हळहळ मला अजून वाटते.

म्हणून आधी आठ-नऊ महिने घरीच संध्याकाळचा वर्ग लावा, ए2 ही पुढची पातळी पुरी करून त्यानंतरच्या बी1 ला हात घाला. क्रियापदांची रूपं कुठेही पाठ होतात, त्यासाठी परदेशातला दिवस खर्ची घालू नका. तोवर दरमहा थोडी रक्कम वेगळ्या खात्यात टाकत गेलात तर शिल्लक निम्म्यावरही येणार नाही.

भावाच्या हिशेबात खोलीचं भाडंच दिसतंय. त्यात अनामत, किराणा आणि रोजचं बाहेरचं खाणं मिळवा, मग फरक किती उरतो ते बघा. कुटुंबाकडे 'मेदिया पेन्सियोन' घेतलंत तर नाश्ता आणि एक जेवण मिळतं. ते जेवण घरातले सगळे एकत्र बसतात त्या वेळचं असू दे. आणखी एक अट शाळेकडून लेखी घ्या: त्या घरात तुमची भाषा बोलणारा दुसरा विद्यार्थी नसेल. असला तर तीन महिने तुम्ही दोघी आपल्याच भाषेत बोलाल. कुटुंबाशी जमलं नाही तर किती दिवसांत आणि किती पैशांत बदलून मिळेल, तेही विचारा. "आठवड्याला 20 तास" यातला तास किती मिनिटांचा हेही बघा. 45 मिनिटांचा असेल तर प्रत्यक्षात 15 च तास पदरात पडतात.

तिथे कार्डाच्या यंत्रावर तुमच्या चलनात पैसे घेऊ का असं विचारलं तर युरोच निवडा, नाहीतर दरात मार बसतो.

परतीआधी डेले ही स्पॅनिशची परीक्षा देता आली तर द्या. इन्स्तितुतो सेर्व्हान्तेस या स्पेनच्या सरकारी भाषासंस्थेच्या या प्रमाणपत्राला मुदत नसते. सिएले या स्पॅनिशच्या दुसऱ्या परीक्षेचं पाच वर्षांनी संपतं. फक्त परीक्षेच्या तारखा आधी बघा आणि त्यानुसार 12 आठवडे ठरवा. आणि रजेचं पत्र हातात पडेपर्यंत शाळेला आगाऊ रक्कम पाठवू नका.