शाळेचा नकाशा काढण्याआधी खड्डा घ्या

मराठवाड्यात वर्गखोली बांधायची तर आधी खड्डा खणून माती बघा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. उथळ पाया तिच्याबरोबर हलतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. नुसता गिलावा मारला तर पुढच्या मे महिन्यात चीर परत हजर! पाया पक्क्या मुरमापर्यंत न्या. मुरूम फार खोल असेल तर साधारण ३.५ मीटरचे अंडर-रीम्ड पाइल (जमिनीत ओतलेले, तळाशी फुगीर काँक्रीटचे खांब) घ्या. पागोळ्यांचं पाणी पायाशी मुरू देऊ नका.

३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जड दगडी भिंती ढासळल्या. म्हणून जोत्याला आणि लिंटेलला (दार-खिडक्यांच्या वरच्या पातळीला) सगळ्या भिंतींवरून अखंड आरसीसी, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटचा, पट्टा हवाच. गवंडी कोपऱ्यात सळया तोडतो, घात तिथेच होतो. सळई वाकवून शेजारच्या भिंतीत दीड-दोन फूट गेलीच पाहिजे. काँक्रीट ओतायच्या आधी स्वतः बघा.

इमारत पूर्व-पश्चिम लांब, खिडक्या उत्तर-दक्षिणेला. उजेड मुलांच्या डावीकडून यावा, नाहीतर हाताची सावली वहीवर पडते (डावखुऱ्यांचं काय, हा प्रश्न उरतोच). दार बाहेर उघडून भिंतीला चिकटणारं, व्हरांड्यात आडवं येणारं नको. पत्रा टाळा, जोराचा पाऊस आला की गुरुजींचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही.