‘नारळीकर आलेच ना परत?’ असं विचारणाऱ्या घरातल्या मुलीला

तुझा प्रश्न थोडक्यात असा. पुणे विद्यापीठातून फिजिक्सची एम.एस्सी. संपत आलीय, मॅथेमॅटिकल फिजिक्समध्ये पीएच.डी. करायचीय, जर्मनी की अमेरिका हे ठरत नाही. लग्न ठरलंय, होणारा नवरा हिंजवडीत नोकरीला आहे. आणि घरचे म्हणतात, जा, पण नारळीकरांसारखी परत ये. मीही पुण्याचाच. याच विषयात गेली बरीच वर्षं जर्मनीत शिकवतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचंच घेऊ, कारण पुण्यात हे उदाहरण घरोघरी देतात आणि अर्धंच सांगतात. १९५७ मध्ये ते केंब्रिजला गेले. १९६३ मध्ये ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्याकडे डॉक्टरेट झाली, पुढच्याच वर्षी दोघांचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त आला, १९६५ मध्ये पद्मभूषण. १९७२ मध्ये परतले ते मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटमधलं प्राध्यापकपद हातात घेऊन. हॉइल यांनीही त्याच वर्षी केंब्रिज सोडलं. आयुका, म्हणजे त्यांनी पुण्यात उभी केलेली खगोलशास्त्राची संशोधन संस्था, सुरू झाली १९८८ मध्ये, तेव्हा ते पन्नाशीला टेकले होते. वडीलही केंब्रिजला शिकून बनारसला गणिताचे प्राध्यापक झालेले. नारळीकरांची हुशारी तर होतीच, पण त्यांच्यासाठी जागा तयार होती. तू परत येशील की नाही हे तुझ्या मातृभूमीच्या ओढीवर फारसं अवलंबून नाही. तुझ्या विषयातलं पद त्या वर्षी भारतात निघालंय का, यावर आहे.

दुसरं उदाहरण घरी सांगून बघ. भौतिकशास्त्रज्ञ अभय अष्टेकर, जन्म धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचा, १९४९. शिकागोला १९७४ मध्ये पीएच.डी., मग ऑक्सफर्ड, फ्रान्स, सिराक्यूज आणि १९९३ पासून पेनसिल्व्हेनिया स्टेट. आइन्स्टाइनची समीकरणं त्यांनी नव्या चलांत मांडली ती १९८६ मध्ये. लूप क्वांटम ग्रॅव्हिटी, म्हणजे गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम सिद्धान्त यांची सांगड घालू पाहणारी एक विचारधारा, त्यावर उभी आहे. म्हणजे ज्या कामामुळे आज नाव घेतलं जातं ते डॉक्टरेटनंतर बारा वर्षांनी. ही मधली वर्षं कुणी मोजत नाही. तू मोज.

कारण या धंद्यात पीएच.डी. हा सोपा भाग. जर्मनीत तीन-चार वर्षं, अमेरिकेत पाच-सहा. त्यानंतर पोस्टडॉक, म्हणजे डॉक्टरेटनंतरची मुदतीची संशोधनाची नोकरी: दोन वर्षं इथे, तीन तिथे, कधी दोन, कधी तीन फेऱ्या. एका जागी सामान लावून होतंय तोवर पुढचे अर्ज सुरू. ते पुढच्या वर्षाच्या शरदातल्या नोकरीसाठी आदल्या वर्षीच्या नोव्हेंबर-डिसेंबरात करावे लागतात, म्हणजे दोन वर्षांच्या करारातलं दुसरं वर्ष निम्मं त्यातच जातं. शिवाय जर्मनीत कायदा आहे: डॉक्टरेटआधी ६ आणि नंतर ६ वर्षं, एवढीच मुदतीच्या करारावर राहायची सर्वसाधारण मर्यादा. कायमची प्राध्यापकपदं मोजकी. थिअरीवाल्यांना प्रयोगशाळा लागत नाही, म्हणून कुठेही सामावून घेतील असं वाटतं. उलट कुठेच आपल्यावाचून अडत नाही.

म्हणून देश आधी निवडू नकोस, गाईड निवड. अर्काइव्ह (arXiv) या नवे पेपर फुकट वाचायला मिळणाऱ्या वेबसाइटवर मॅथ-पीएच (मॅथेमॅटिकल फिजिक्स) आणि जीआर-क्यूसी (गुरुत्वाकर्षण) हे विभाग रोज चाळ. ज्याचे पेपर शेवटपर्यंत वाचावेसे वाटतात त्याच्या वेबपेजवर जाऊन जुन्या विद्यार्थ्यांची यादी बघ: ते आज कुठे आहेत? सगळे बँकांत आणि सॉफ्टवेअरमध्ये असतील तर वाईट नाही, पण तुला कळायला हवं. यादीच नसेल तर विद्यार्थ्यांना सरळ मेल कर. शिफारसपत्र लिहिणारा माणूस कोण, यावर पहिला पोस्टडॉक जवळपास ठरतो. आणि गाईडला मेल करताना ‘रिस्पेक्टेड सर’ आणि मार्कांची जंत्री नको; त्याच्या एका पेपरातलं एक लेमा (मोठ्या प्रमेयासाठी आधी सिद्ध केलेलं छोटं विधान) तुला कुठे अडलं ते चार ओळींत लिही.

आता जोडीदाराचं. अमेरिकेत तू एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेलीस तर नवऱ्याला एफ-२ या जोडीदाराच्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. पाच-सहा वर्षं घरी बसणारा इंजिनिअर हा साधा प्रश्न नाही. जर्मनीत जोडीदाराला कामाची मुभा मिळते, भाषा मात्र त्याला तुझ्यापेक्षा जास्त लागेल. त्याला आत्ताच रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मॅक्समुल्लर भवनात जर्मनच्या वर्गाला घाल. आणि नारळीकरांची गोष्ट सांगणाऱ्यांना त्यांच्या पत्नी, गणितज्ञ मंगलाताईंचीही विचार. एम.ए.ला मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या, केंब्रिजला शिकवलेल्या बाईंची पीएच.डी. झाली १९८१ मध्ये, लग्नानंतर पंधराएक वर्षांनी. तुमच्या घरात या वेळी थांबणारा माणूस तो असणार आहे. ते त्याने स्वतःच्या तोंडाने म्हटलंय का?

पैशाचं पटकन. जर्मनीत पीएच.डी. बहुतेक ठिकाणी नोकरीच असते: पगार, विमा, पेन्शन, थिअरीत बऱ्याचदा अर्धा किंवा पाऊण पगार. विद्यार्थी व्हिसावर येणार असशील तर एपीएस प्रमाणपत्र (तुझ्या पदव्या तपासल्याचा दाखला) आणि ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे आधीच भरून ठेवलेले पैसे (२०२५ मध्ये वर्षाला ११,९०४ युरो), लागेल; करार असेल तर पगारच पुरावा. घर भाड्याने घेताना ‘स्वयंपाकघर आहे का’ हे विचारच. बऱ्याच रिकाम्या फ्लॅटमध्ये ओटा नाही, सिंक नाही, भिंतीतून बाहेर आलेल्या नळाच्या दोन तोट्या तेवढ्या असतात. आधीचा भाडेकरू सगळं उचकटून घेऊन जातो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

परतायचंच असेल तर आयसरसारख्या (विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्रीय संस्था) ठिकाणी सहसा डॉक्टरेटनंतर तीनेक वर्षांचा अनुभव मागतात. परदेशातून येणाऱ्या चाळिशीच्या आतल्यांसाठी ५ वर्षांची रामानुजन फेलोशिप आहे, पण त्यासाठी भारतातली एखादी संस्था तुला घ्यायला तयार हवी. ती ओळख सुट्टीला आल्यावर होते. दर खेपेला आयुकात किंवा आयसरात एक सेमिनार देऊन ये. लग्नकार्यांच्या गर्दीतून तेवढी एक दुपार काढायचीच.

तीन-चार ग्रुपांची नावं काढलीस की मला कळव. त्यातलं कुणी ओळखीचं निघालं तर त्यांच्या विद्यार्थ्यांशी गाठ घालून देईन. गाईड कसा आहे ते तेच खरं सांगतील.