रिकाम्या उपाहारगृहातला दूरचित्रवाणी संच

प्रश्न : १९५० च्या दशकातील अमेरिकी स्ट्रीट फोटोग्राफीत दूरचित्रवाणी संच, ज्यूकबॉक्स (नाणे टाकल्यावर गाणी वाजवणारे यंत्र) आणि मोटारी माणसांइतकीच जागा व्यापतात. ही उपभोगसंस्कृतीवरची टीका मानावी, की रस्त्यावर तेच दिसत होते म्हणून ते टिपले गेले?

उत्तर : केवळ दिसले म्हणून टिपले, असे निदान छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँक यांच्याबाबत म्हणता येत नाही. मूळचे स्वित्झर्लंडचे असलेले फ्रँक १९५५ मध्ये गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाल्यावर मोटारीने अमेरिकाभर फिरले, २७ हजारांहून अधिक छायाचित्रे त्यांनी घेतली आणि त्यांतील अवघी ८३ ‘द अमेरिकन्स’ या पुस्तकात ठेवली. इतक्या कठोर निवडीतूनही ज्यूकबॉक्स पुन्हा पुन्हा समोर येतो, तेव्हा ती निवड जाणीवपूर्वकच म्हणावी लागते.

साउथ कॅरोलायनातील एका उपाहारगृहाचे त्यांचे छायाचित्र अवश्य निरखून पाहावे. टेबले रिकामी आहेत, खिडकीतून भरपूर ऊन आत आले आहे आणि कोपऱ्यातल्या संचावर एका धर्मोपदेशकाचा चेहरा बोलतो आहे. ऐकणारे मात्र कोणीही नाही. त्याच काळातील जाहिरातींत नव्याकोऱ्या संचाभोवती हसरे कुटुंब जमलेले असे. वस्तू तीच, पण जाहिरातीत ती माणसांना एकत्र आणते, तर इथे माणसे निघून गेल्यावरही चालूच राहते. हा एकाकीपणा मला कोणत्याही निषेधाच्या घोषणेपेक्षा अधिक बोलका वाटतो. अमेरिकी छायाचित्रकार ली फ्रीडलँडर यांनी पुढे निर्मनुष्य खोल्यांतील दूरचित्रवाणीच्या चालू पडद्यांची मालिकाच केली आणि तिच्यातील काही छायाचित्रे १९६३ मध्ये ‘हार्पर्स बझार’ या मासिकात छापून आली. दुकानांच्या काचांवरही त्यांनी खूप काम केले. काचेआडचा माल, काचेत उमटलेला रस्ता आणि कधी स्वतः छायाचित्रकार हे सारे तिथे एकाच प्रतलावर येतात आणि पाहणारा मालापासून वेगळा उरत नाही.

तरीही प्रत्येक वस्तूत टीका शोधू नये. फ्रँक यांची शिष्यवृत्तीसाठी शिफारस करणारे छायाचित्रकार वॉकर एव्हान्स यांनी १९५५ मध्येच ‘फॉर्च्युन’ मासिकासाठी पक्कड, पाना, गवंड्याची थापी अशी साधी हत्यारे टिपली. ती छायाचित्रे रस्त्यावरची नाहीत. परंतु कोऱ्या पार्श्वभूमीवर एकेक हत्यार त्यांनी ज्या निगुतीने मांडले आहे, त्यात वस्तूविषयीचा निखळ आदरच दिसतो.